कुंकू कुठे गेलं? रंगीत फोटो कृष्णधवल करतानाचे प्रश्न

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आणि पाठोपाठ लग्नसराई. या दोन्हीनंतर इंदूरच्या वाचकांची फोटोंबद्दलची पत्रं वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: रंगीत असताना जिवंत वाटणारा फोटो कृष्णधवल केला की मलूल होतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच, देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : राजवाड्यासमोर गेरीचे फोटो काढले. गुलाबी, पिवळा, हिरवा गुलाल हवेत उसळलेला आहे. फोटोशॉपमध्ये डीसॅच्युरेट केलं तर सगळा गुलाल एकाच राखाडी रंगाचा, चुलीच्या धुरासारखा दिसतो. कॉन्ट्रास्ट वाढवूनही फरक पडत नाही. असं का? (एक वाचक, रामबाग)

उत्तर : कारण तीन वेगळ्या रंगांना सॉफ्टवेअरने जवळजवळ एकच आकडा दिला आहे. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, 0 ते 255. डीसॅच्युरेट ही आज्ञा त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेते आणि दोघांची सरासरी काढते. मधल्या आकड्याकडे ती पाहतही नाही. समजा गुलाबी गुलाल 230, 30, 120 आहे, हिरवा 40, 200, 60 आणि पिवळा 250, 210, 20. सरासरी येते अनुक्रमे 130, 120 आणि 135. डोळ्याला पिवळा किती उजळ आणि गुलाबी किती गडद वाटतो, याचा इथे हिशेबच नाही.

आता कॉन्ट्रास्टचं. कॉन्ट्रास्ट म्हणा, लेव्हल्स म्हणा, कर्व्ह्ज म्हणा, यांना दिसतो तो फक्त राखाडी आकडा. 130 चा 160 केला तर फोटोतले सगळे 130 हे 160 होणार, मग ते मुळात गुलाबी असोत की हिरवे. एकदा दोन रंग एकाच राखाडीत विरघळले की पुढचं कुठलंही साधन त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून जे काही करायचं ते रंग फाइलमध्ये असेपर्यंतच. कृष्णधवल करणं म्हणजे रंग पुसणं नव्हे. कुठल्या रंगाला किती उजेड द्यायचा हे ठरवणं म्हणजे कृष्णधवल करणं, आणि ते ठरवायला रंगच हाताशी लागतात.

फोटोशॉपमध्ये लेअर > न्यू अ‍ॅडजस्टमेंट लेअर > ब्लॅक अँड व्हाइट घ्या. इमेज मेनूमधलं त्याच नावाचं घेऊ नका, ते मूळ फोटोवरच चालतं. लेअर घेतला की खाली रंगीत फोटो शाबूत राहतो. सहा स्लायडर दिसतील आणि त्यांचे सुरुवातीचे आकडे असतील रेड्स 40, यलोज 60, ग्रीन्स 40, सायन्स 60, ब्लूज 20, मॅजेंटाज 80. प्रत्येक स्लायडर उणे 200 पासून 300 पर्यंत जातो, पण तेवढं ताणायची वेळ सहसा येत नाही. पॅनलमध्ये हाताच्या बोटाचं एक चिन्ह आहे. ते निवडून फोटोतल्या गुलाबी गुलालावर माऊस दाबून ठेवा आणि डावीकडे ओढा म्हणजे तो गडद होईल, उजवीकडे ओढा म्हणजे उजळ. कुठल्या स्लायडरला हात लावायचा हे ते चिन्ह स्वतःच ओळखतं. गेरीतला गुलाबी हा बहुधा रेड्स आणि मॅजेंटाज यांच्या मधला असतो, त्यामुळे दोन्ही थोडे थोडे हलवावे लागतील.

दुसरा रस्ता चॅनल मिक्सरचा. त्यात मोनोक्रोमवर खूण करा आणि लाल 70, हिरवा 30, निळा 0 ठेवा. वरच्याच तीन गुलालांचं काय होतं पाहा: पिवळा 238, गुलाबी 170, हिरवा 88. उलट लाल 30, हिरवा 59, निळा 11 हे टीव्हीच्या जुन्या काळापासून चालत आलेलं प्रमाण ठेवलं तर पिवळा 201, हिरवा 137 आणि गुलाबी 100. पहिल्यात हिरवा सर्वांत गडद, दुसऱ्यात गुलाबी. दोन्ही बरोबर आहेत. गर्दीतले चेहरे गुलाबी गुलालाने माखलेले असतील तर पहिलं घ्या, चेहरे उजळ राहतील. चेहरे स्वच्छ असून गुलालाचा लोट मागे असेल तर दुसरं बरं. तिन्ही आकड्यांची बेरीज 100 च्या आसपास ठेवा. 120 झाली तर उजळ भाग जळून कोरे पांढरे होतात.

गिंप हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी कलर्स > कॉम्पोनन्ट्स > मोनो मिक्सर उघडावं आणि प्रिझर्व्ह ल्युमिनॉसिटीवर खूण करावी, म्हणजे बेरजेची काळजी तेच घेतं. डीसॅच्युरेटच वापरायचं असेल तर त्यातला लाइटनेस हा पर्याय टाळा, कारण तीच ती मोठ्या-लहान आकड्यांची सरासरी. ल्युमिनन्स निवडा.

पण डोळ्याच्या जाणिवेवर बेतलेलं प्रमाणही प्रत्येक वेळी तारत नाही. लाल जास्वंद 220, 50, 40 आणि तिचं पान 50, 130, 60 असेल, तर 30-59-11 च्या हिशेबाने फूल येतं 100 आणि पान 98. फूल पानात बुडालं! अशा वेळी स्लायडर हाताने हलवण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाचे फोटो लाइटरूममध्ये कृष्णधवल केले. चेहरा उजळ दिसावा म्हणून रेड आणि ऑरेंज दोन्ही वाढवले. चेहरा उजळला, पण कपाळावरचं कुंकूच दिसेनासं झालं. आई म्हणते, असला फोटो अल्बममध्ये लावायचा नाही. (एक वाचक, लोकमान्य नगर)

उत्तर : आईंचं बरोबर आहे, फोटो लावण्याजोगा नाही. पण दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

लाइटरूम क्लासिकमध्ये कृष्णधवलसाठी आठ स्लायडर आहेत: रेड, ऑरेंज, यलो, ग्रीन, अ‍ॅक्वा, ब्लू, पर्पल आणि मॅजेंटा. आपल्याकडच्या त्वचेचा रंग, गोरी असो की सावळी, मुख्यतः ऑरेंजमध्ये पडतो. कुंकू, ओठ आणि लाल काठ रेडमध्ये. म्हणजे या दोघांना एकमेकांविरुद्ध हलवायचं: ऑरेंज अधिक 15 ते 25, रेड उणे 20 ते 30. कुंकू ठसठशीत होतं, ओठांना आकार येतो. रेड उणे 40 च्या खाली नेलात तर गालांवरची लाली, नाकाचा शेंडा आणि डोळ्यांच्या कडा डागाळल्यासारख्या दिसू लागतात, कारण तिथे त्वचेत लाल अंश जास्त असतो. फोटोशॉपच्या सहा स्लायडरांत ऑरेंज नाही. तिथे रेड्स 40 वरून 15-20 वर आणा आणि यलोज 60 वरून 80 पर्यंत न्या. त्वचा या दोघांच्या मध्ये असल्यामुळे ती साधारण जागेवर राहते आणि कुंकू खाली बसतं.

मराठी नवरीच्या फोटोत आणखी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिवळी अष्टपुत्री: यलो वाढवला की साडीच्या निऱ्या आणि घड्या पांढऱ्यात हरवतात, तेव्हा हिस्टोग्रामचं, म्हणजे उजळ-गडद ठिपक्यांच्या आलेखाचं, उजवं टोक पाहत राहा आणि गरज पडली तर यलो शून्याच्याही खाली न्या. हिरवा चुडा: तो त्वचेइतकाच राखाडी होऊन मनगटात मिसळतो. ग्रीन उणे 25-30 केला की बांगड्या वेगळ्या मोजता येतात. आणि सोनं. दागिन्यांचा रंग ऑरेंज-यलोमध्येच, म्हणजे त्वचेच्या शेजारी, त्यामुळे स्लायडरने ते वेगळं काढता येत नाही. त्यासाठी ब्रशने फक्त दागिन्यांवर क्लॅरिटी 20-25 वाढवा.

या सगळ्याच्या आधी व्हाइट बॅलन्स. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोत पांढरा सदराही नारिंगी असतो. मग ऑरेंज हलवला की सदरा, भिंत, चेहरा, सगळंच एकत्र हलतं. आधी रंगीत फोटोतच सदरा किंवा अक्षता पांढऱ्या दिसतील इतपत तापमान खाली आणा, मग व्ही ही कळ दाबून कृष्णधवल करा. पुन्हा व्ही दाबलं की रंग परत येतात. तुलना करायला हे फार सोयीचं आहे.

एक आग्रह मात्र आहे. गव्हाळ चेहरा गव्हाळच दिसू द्या. ऑरेंज 50-60 वर नेऊन चेहरा चुन्यासारखा केला की नाकाची बाजू, गालाचं हाड, हनुवटीखालची सावली, ज्यांनी माणूस ओळखू येतो ते सगळं निघून जातं.

प्रश्न : कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या (होळकरांच्या स्मारकांच्या) फोटोत आकाश गडद, नाट्यमय हवं होतं. ब्लू एकदम उणे 90 वर नेला. आकाशात पट्टे पडले, रवाळ झालं, आणि छत्र्यांच्या कळसाभोवती पांढरी रेघ आली. फोटो मोबाइलवरचा जेपेग आहे. (एक वाचक, टिळक नगर)

उत्तर : तीन दोष आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत.

पट्टे पडतात कारण जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या असतात आणि स्वच्छ आकाश त्यांतल्या थोड्याच वापरतं. त्या थोड्या पायऱ्या लांबवर ताणल्या की मधली अंतरं उघडी पडतात. रवा येतो निळ्या चॅनलमुळे, म्हणजे प्रत्येक ठिपक्यातल्या निळ्याच्या आकड्यांमुळे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. हिरवं चॅनल म्हणूनच सर्वांत स्वच्छ असतं आणि निळं बहुधा सर्वांत गढूळ. रंगातला हा गढूळपणा रंगीत फोटोत डोळ्याला फारसा कळत नाही. ब्लू ओढला की तोच उजेडातला दाणा होऊन समोर येतो.

पांढरी रेघ ही जेपेगच्या काटकसरीची खूण. उजेडाची माहिती तो पूर्ण ठेवतो, पण बहुतेक वेळा रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच साठवतो. त्यामुळे दगडाची कड जिथे संपते तिथेच निळा रंग सुरू होत नाही, ठिपका-दोन ठिपके पुढे-मागे होतो. कडेवरच्या त्या ठिपक्यांना सॉफ्टवेअर आकाश मानत नाही, ते उजळच राहतात. रेघ दिसते ती त्यांची.

उपाय: जेपेगवर ब्लू उणे 25-30 च्या पलीकडे नेऊ नका. फोटोशॉपमध्ये ब्लूज 20 वरून फार तर उणे 10 पर्यंत. उरलेलं काम उजेडानेच करा. लाइटरूममध्ये मास्किंग > सिलेक्ट स्काय घ्या आणि एक्स्पोजर उणे 0.70 च्या आसपास ठेवा. इथे सॉफ्टवेअर रंग बघत नाही, जागा बघतं, म्हणून रेघ कमी येते. त्याआधी डिटेलमध्ये जाऊन कलर नॉइज रिडक्शन 40-50 करा. हे कृष्णधवल करण्याआधीच करायला हवं असं नाही, पण परिणाम रंगीत असताना नीट तपासता येतो. शेवटी फोटोशॉपमध्ये फिल्टर > नॉइज > अ‍ॅड नॉइज, गॉशियन, मोनोक्रोमॅटिक, दीड ते दोन टक्के. हा बारीक दाणा पट्ट्यांच्या कडा मोडतो. फाइल आधी 16 बिटमध्ये नेली तर हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत, पण पुढच्या प्रत्येक फेरफारात होणारी झीज थांबते. तेवढ्यासाठी ती न्यावीच.

फोनमध्ये रॉची, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल ठेवण्याची, सोय असेल तर पुढच्या वेळी ती वापरा. आणि वेळ निवडा. वैशाखातलं माळव्याचं आकाश धुळीने पांढुरकं असतं. त्यात निळं नसतंच, मग ब्लू कितीही ओढा, काय गडद होणार? पाऊस सरल्यावर आश्विनात या, सकाळी लवकर, सूर्य पाठीशी किंवा बाजूला घेऊन. तेव्हा उणे 20 सुद्धा पुरतं.

प्रश्न : राजवाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी. कृष्णधवलमध्ये हा फरक दाखवायला कुठला स्लायडर हलवावा?

उत्तर : एकही नाही. खालचे तीन दगडी मजले आणि वरचे चार लाकडी मजले यांचे रंग उन्हात एकमेकांच्या शेजारचे, तांबूस-तपकिरी आणि पिवळसर. ऑरेंज हलवला की दोन्ही हलतात. इथे फरक पोताचा आहे, आणि पोत तिरप्या उन्हात दिसतो. ऊन दर्शनी भागावरून घासत जाईल अशी वेळ निवडा. भर दुपारी काढलेल्या फोटोत नंतर कर्व्ह्ज ओढून तो पोत येत नाही.

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाचे 1980 च्या दशकातले रंगीत फोटो पार लालसर झाले आहेत. निदान कृष्णधवल करून तरी वाचतील का? स्कॅन कसं करावं? काही आजी-आजोबांचे कृष्णधवल फोटोही आहेत, त्यांवर चहाचे आणि हळदकुंकवाचे डाग आहेत. (एक वाचक, सुदामा नगर)

उत्तर : वाचतील, आणि पुष्कळदा अपेक्षेपेक्षा चांगले वाचतील.

स्कॅनरवर कृष्णधवल हा पर्याय कधीच निवडू नका, जुना फोटो मुळात कृष्णधवल असला तरीही. 48 बिट कलर, 600 डीपीआय, टिफ. 4 बाय 6 इंचांच्या प्रिंटची फाइल 2400 बाय 3600 ठिपक्यांची, सुमारे 52 एमबीची होईल. होऊ द्या. स्कॅनरमधलं आपोआप रंग सुधारणं, धूळ काढणं आणि शार्पनिंग बंद ठेवा. काच मऊ कोरड्या फडक्याने पुसा, प्रिंटवर फक्त फुंकणीने हवा मारा, पाण्याचा हात लावू नका. त्या काळातले बरेच प्रिंट रेशमी, खडबडीत पोताच्या कागदावर आहेत आणि स्कॅनमध्ये त्या पोताचे ठिपके चमकतात. असा प्रिंट एकदा सरळ आणि एकदा 180 अंश फिरवून स्कॅन करा. दुसरा स्कॅन सरळ करून पहिल्यावर ठेवा, दोन्ही लेअर निवडून एडिट > ऑटो-अलाइन लेअर्स करा आणि वरच्याची ओपॅसिटी 50 टक्के ठेवा. प्रकाश विरुद्ध बाजूंनी पडल्यामुळे पोताची चमक एकमेकींना खोडते.

आता लालसरपणा. रंगीत प्रिंटमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. तुमच्या प्रिंटमधला सायन उडाला आहे, म्हणून लाली उरली. सायनचं काम लाल प्रकाश अडवणं. तोच नाही म्हटल्यावर स्कॅनचं लाल चॅनल फिकट आणि सपाट येणार. मॅजेंटाने धरलेलं चित्र हिरव्या चॅनलमध्ये असतं आणि ते बहुधा शाबूत असतं. निळ्या चॅनलमध्ये कागदाचा पिवळेपणा मिसळलेला असतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-3, कंट्रोल-4, कंट्रोल-5 दाबून लाल, हिरवं, निळं चॅनल एकेक पाहा. कंट्रोल-2 ने मूळ रंगीत परत येतं. गिंपमध्ये कलर्स > कॉम्पोनन्ट्स > डीकंपोज केलं की तिन्ही वेगळे लेअर होऊन मिळतात.

अशा फोटोला ब्लॅक अँड व्हाइटचे सहा स्लायडर लावू नका. सगळा फोटोच लाल असल्यामुळे रेड्स हलवला की सगळंच वर-खाली होतं. चॅनल मिक्सर घ्या, मोनोक्रोम, लाल 10, हिरवा 85, निळा 5 पासून सुरुवात करा. मग लेव्हल्समध्ये काळं आणि पांढरं टोक हिस्टोग्रामच्या कडांपर्यंत आणा. हिरव्या चॅनलमध्ये चेहरे जरा गडद येतात, सुरकुत्या आणि पुटकुळ्याही जास्त दिसतात. कर्व्ह्जमध्ये मधला भाग थोडा उचलला की चेहरे मोकळे होतात.

डागांचं तत्त्वही हेच. चहाचा डाग तपकिरी-पिवळा, तो निळा प्रकाश अडवतो, लाल जाऊ देतो. म्हणून निळ्या चॅनलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या आजी-आजोबांचा फोटो लाल चॅनलमध्ये उघडून पाहा. हळद आणि कुंकू दोन्ही लाल प्रकाश परत पाठवतात, त्यामुळे धोतर, भिंत, आकाश अशा उजळ भागावरचे त्यांचे ठिपके तिथे दिसत नाहीत. पण काळ्या कोटावर किंवा केसांवर पडलेला कुंकवाचा ठिपका लाल चॅनलमध्ये उलट उजळ दिसेल. तेवढ्या भागापुरतं हिरवं किंवा निळं चॅनल वापरा: लाल चॅनलची आवृत्ती वर आणि दुसरी खाली ठेवून वरच्या लेअरला मास्क लावा आणि ठिपक्यावर काळा ब्रश फिरवा. निळ्या शाईने कडेला लिहिलेली तारीख चित्रावर उमटली असेल तर ती निळ्या चॅनलमध्ये सर्वांत फिकट असते. डाग पुसायचा ब्रश हाती घ्यायचा तो हे सगळं करून झाल्यावर, उरल्यासुरल्या ठिपक्यांसाठी.

मूळ रंगीत टिफ मात्र जपून ठेवा.

प्रश्न : पडद्यावर शुद्ध राखाडी दिसणारा फोटो लॅबमधून प्रिंट होऊन आला तर हिरवट. दुसऱ्यांदा दिला तर जांभळट. आणि दोन्ही वेळा गडद. चूक कोणाची?

उत्तर : लॅबचं मोठं यंत्र कृष्णधवल फोटोही रंगीत कागदावरच छापतं. त्या कागदावर राखाडी रंग नसतोच, सायन, मॅजेंटा आणि पिवळा समतोल मिसळून तो तयार होतो. रंगीत फोटोत हा तोल दोन टक्के ढळला तर कोणाला कळत नाही, राखाडीत लगेच कळतो. त्या दिवशीच्या रसायनांवर आणि यंत्राच्या कॅलिब्रेशनवर तो अवलंबून असतो. म्हणून मोठा प्रिंट देण्याआधी 4 बाय 6 चा एक नमुना काढून घ्या आणि त्यात फोटोशेजारी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा चौकोनांची पट्टी ठेवा. झाक कुठल्या चौकोनात आहे हे दाखवून बोललं की ऑपरेटरही नीट सुधारणा करतो. नमुना दिवसाच्या उजेडात पाहा, दुकानातल्या ट्यूबखाली राखाडी वेगळाच दिसतो.

दुसरा उपाय म्हणजे फोटोला मुद्दाम किंचित ऊबदार छटा द्यायची, टिंटची सॅच्युरेशन 4 ते 6 टक्के. मग यंत्राची थोडी घसरण तीत लपते. खरा शुद्ध राखाडी हवा असेल तर काळ्याबरोबर राखाडी शाईच्याही वेगळ्या टाक्या असलेल्या इंकजेटवर छापून घ्या. एप्सनच्या काही फोटो प्रिंटरांत यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट हा वेगळा पर्यायच आहे.

गडदपणाचा दोष मात्र बहुधा पडद्याचा. पडद्याची चमक पूर्ण ठेवून काम केलं की फोटो उजळ भासतो आणि आपण तो गडद करून ठेवतो. चमक निम्म्याच्या आसपास आणा आणि सावलीतला जो तपशील दिसायलाच हवा तो 15-20 च्या खाली जाऊ देऊ नका. फाइल ग्रेस्केलमध्ये देऊ नका. बऱ्याच लॅबची यंत्रणा एसआरजीबी ही रंगीत फाइलची नेहमीची पद्धतच धरून चालते आणि ग्रेस्केल फाइलचे उजेड बदलू शकतात. 8 बाय 12 साठी 2400 बाय 3600 ठिपके पुरतात.

प्रश्न : राजा दीनदयाळांच्या जुन्या फोटोंसारखा परिणाम हवा आहे. सेपिया फिल्टर लावला तर नुसता तपकिरी दिसतो, जुना वाटत नाही.

उत्तर : कारण जुनेपणा तपकिरी रंगात कमी आणि कुठला रंग किती गडद आला यात जास्त आहे. दीनदयाळ 1866 मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि 1870 च्या दशकात इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तुकोजीराव होळकर दुसरे यांचं त्यांना प्रोत्साहन होतं. त्या काळच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. निळं आकाश त्यांवर कोरं पांढरं येई. लाल फेटा, कुंकू, विड्याने रंगलेले ओठ जवळजवळ काळे. त्वचा प्रत्यक्षाहून सावळी.

हे आज निळ्या चॅनलमधून मिळतं. चॅनल मिक्सर, मोनोक्रोम, लाल 0, हिरवा 10, निळा 90. निळं चॅनल गढूळ असतं हे वर आलंच आहे, म्हणून फोटो भरपूर उजेडात, आयएसओ 100-200 वर काढलेला हवा. बल्बच्या पिवळ्या प्रकाशातला अजिबात चालणार नाही, त्यात निळं जवळजवळ नसतंच. आकाश पांढरं झालं तर होऊ द्या, ते खरं आहे. छटा सर्वांत शेवटी: टिंटमध्ये ह्यू 30 ते 35, सॅच्युरेशन 8 ते 12. तयार सेपिया फिल्टर याच्या कितीतरी पट रंग ओततात.

प्रश्न : सगळा फोटो कृष्णधवल आणि फक्त साडी लाल, हे कसं करतात?

उत्तर : ब्लॅक अँड व्हाइट लेअरच्या मास्कवर साडीपुरता काळा ब्रश फिरवा, कडेला ब्रशचा हार्डनेस 70-80 टक्के. साडीची लाल झाक हातावर, हनुवटीखाली पडलेली असते, ती राहिली तर हात राखाडी न दिसता मेलेले दिसतात, तेव्हा तिथे मास्क पुन्हा पांढरा करा. करता येतं म्हणून सांगितलं. पण डोळा साडीवरच अडकतो आणि नवरीच्या चेहऱ्याकडे जात नाही. लग्नाच्या अल्बमसाठी आमची शिफारस नाही.

प्रश्न : संगणक नाही, सगळं फोनवरच करते. कॅमेऱ्यातलाच मोनो पर्याय लावून फोटो काढू का?

उत्तर : काढताना रंगीतच काढा. स्नॅपसीडमध्ये टूल्स > ब्लॅक अँड व्हाइट उघडलं की खाली रंगीत गोळ्यांचं चिन्ह असतं. त्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर आहेत. लाल गोळीने आकाश गडद होतं आणि चेहरा उजळतो, पण कुंकू पुसलं जातं. हिरव्या गोळीने कुंकू आणि ओठ ठळक होतात, झाडं उजळतात, त्वचा सावळी होते. माणसांसाठी पिवळी किंवा हिरवी, इमारतींसाठी नारिंगी, असं धरून चला. सेव्ह करताना वेगळी प्रत ठेवा.

कॅमेरा वापरत असाल तर रॉ आणि जेपेग दोन्ही निवडून मोनोक्रोम लावता येतं. मागच्या पडद्यावर कृष्णधवल दिसतं, त्यावरून उजेड-सावली पाहून चौकट ठरवता येते, आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग असतात. नुसता जेपेग निवडून मोनोक्रोम लावलं तर मात्र रंग कायमचे गेले, आणि त्यांच्याबरोबर वर सांगितलेले सगळे स्लायडरही निकामी.